पेवातली हवा

हळदीचं गोदाम पुराच्या सालापासून रिकामंच होतं.
भिंती अजून पिवळ्या,
छातीइतक्या उंचीवर पाण्याची मातकट रेघ.
तिथं मी पिशव्या टांगल्या. चाळीस.

गव्हाचं काड, रात्रभर भिजवलेलं,
कढत पाण्यातून काढून निथळलेलं.
मुठीत दाबलं तर हात ओला व्हावा, थेंब पडू नये.
एक थर काडाचा, एक बियाण्याचा.
बियाणं म्हणजे ज्वारीचेच दाणे, बुरशीनं पांढरे झालेले.
सासूबाई म्हणाल्या, नासकी ज्वारी इकत आणलीस?

मग अंधार. अठरा दिवस.
दाण्यातून धागा निघतो कोळ्याच्या धाग्याहून बारीक.
त्याला तोंड नाही, पोट नाही,
तो आधी पचवतो, मग गिळतो:
टोकाशी पाझर सोडायचा, काड विरघळवायचं,
विरलेलं आत ओढून पुढं सरकायचं.
मी पिशवीला कान लावला.
आवाज नव्हता. पण पिशवी कोमट होती,
ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळासारखी.

हरिपूरला शिबिर झालं, तिथल्या पुस्तिकेतलं एक पान
मी दोनदा वाचलं.
दोन धागे भेटतात, मधली भिंत विरते,
पण दोघांची केंद्रकं मिसळत नाहीत.
एकेका पेशीत शेजारी शेजारी राहतात,
पेशी दुभंगताना दोन्ही दुभंगतात, बरोबरीनं,
नव्या घरात पुन्हा दोघंच.
सासूबाई आणि मी, मनात आलं.
चूल एक, मिठाचे डबे दोन.

एकोणिसाव्या दिवशी पिशव्या कापल्या.
टाचणीच्या डोक्याएवढे राखाडी ठिपके आले,
आणि मग जे वाढलं ते बघून मी खालीच बसले.
नुसते देठ. लांब, फिकट, वाकडे,
वर सदऱ्याच्या गुंडीएवढी टोपी.

इलाही मुजावर आले दुपारी.
चाळीस वर्षं पेवात उतरलेला माणूस,
दारातच थांबला, हवा चाखल्यागत.
"कंदील आण."
दोरी बांधून जमिनीलगत सोडला,
पेवाचं तोंड फोडल्यावर सोडायचे तसा:
विझला तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही.

आम्ही ज्योतीकडं बघत राहिलो.
विझली नाही. हललीसुद्धा नाही.
मी म्हटलं, म्हणजे हवा चांगली आहे.
"कंदिलाला पुरती हाय," ते म्हणाले, "हिला न्हाई.
मान बघ केवढी लांबवलीया."

तिचाच श्वास तिला नडत होता.
चाळीस पिशव्या रात्रंदिवस टाकतात तो, जड,
खाली साचणारा.
"पेवात बी ह्योच," इलाही म्हणाले.
"त्यानं किडा मरायचा. हळद वर्सावर्सं टिकायची त्यानंच.
माझा थोरला दस्तगीर, तो बी त्यानंच."
पुढं काही बोलले नाहीत. छिन्नी मागितली.

जमिनीलगतच्या अकरा विटा काढल्या आम्ही.
जाळी बसवली, सकाळ-संध्याकाळ पाणी फवारलं,
आणि आठ-दहा दिवसांत त्याच पिशव्यांतून
दुसरं पीक आलं: आखूड देठ, तळव्याएवढी टोपी,
कड जराशी आत मुडपलेली.
खाली पाती, वहीच्या पानांसारखी दाट.
त्या पात्यांच्या कडेलाच म्हणे
ती दोन केंद्रकं एकदाची एक होतात,
आणि लगेच चार होऊन वाऱ्यावर निघून जातात.
पहाटे दार उघडलं की पांढरी भुकटी उडते,
मी खोकते, सासूबाई घरातून विचारतात, काय गं?

त्यांनी अजून चाखली नाही.
कुत्र्याची छत्री म्हणतात.
पण गिऱ्हाईक आलं की वजनकाटा त्याच धरतात.

पहिलं पीक कुणी घेतलं नाही.
ते लांब मानेचे झुबके मी उकिरड्यावर टाकणार होते.
इलाहींनी थांबवलं.
खांद्यावरचं फडकं पसरलं,
एकेक उचलून आडवा ठेवला,
मोडू नये असा,
आणि गाठ न मारताच घेऊन गेले.